पोखर्णीचा कातळ आणि गोदावरीची खचदरी

खचदरी म्हणजे भूखंड फाटू लागल्याची खूण. भूखंडाच्या कवचाची जाडी साधारणपणे ३५ ते ४० किलोमीटर असते. या कवचावर दोन्ही बाजूंनी ताण आला की त्याचा खालचा, तापलेला भाग मऊ मेणासारखा ताणला जाऊन पातळ होतो. वरचा थंड, ठिसूळ भाग मात्र तडकतो. हे तडे जवळपास समांतर असतात आणि जमिनीत तिरपे उतरतात. दोन तड्यांमधला पट्टा खाली सरकतो आणि दोन्ही काठ उंच राहतात. तड्याच्या पातळीवरून खडक असा सरकण्याला भूविज्ञानात प्रस्तरभंग म्हणतात आणि दोन प्रस्तरभंगांमध्ये खचलेल्या लांबट पट्ट्याला खचदरी. पुष्कळदा एकाच काठाचा प्रस्तरभंग मोठा असतो. अशा वेळी दरीचा तळ सपाट न राहता एका बाजूला कलतो.

नदीने कोरलेली दरी आणि खचदरी यांत मोठा फरक आहे. पहिलीतला खडक झिजून वाहून जातो, तर दुसरीत आजूबाजूचा खडक झिजून येतो आणि साठतो. काठाच्या उंचवट्यांवरून येणारे ओढे-नद्या रेती, चिखल आणि गोटे दरीत आणून टाकतात. तळ खचत राहतो तसा गाळ भरत जातो, आणि गाळाच्या भाराने तळ आणखी दबतो. ताण थांबल्यावरही हे काम संपत नाही, कारण तापलेले कवच निवताना आकसते आणि वरची जमीन सावकाश खाली बसत राहते. त्यामुळे खचदरीवर गाळाच्या खडकांचे जे खोरे तयार होते ते मूळच्या दरीपेक्षा रुंद असू शकते. भूविज्ञानात त्याला गाळाची द्रोणी म्हणतात. कोट्यवधी वर्षांनंतर डोंगर, काठ आणि नद्या नाहीशा होतात, पण द्रोणीतला गाळ टिकतो. प्राचीन खचदरीचा इतिहास म्हणूनच तिच्या गाळाच्या थरांतून वाचावा लागतो.

पूर्व आफ्रिकेची खचदरी आणि सायबेरियातील बैकल सरोवराची दरी आजही रुंदावत आहेत. उत्तर अमेरिकेच्या पोटात सुपीरियर सरोवराखालून गेलेली खचदरी मात्र सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी उघडू लागली आणि समुद्र होण्याआधीच थांबली. भारतात दामोदर, सोन-महानदी आणि प्राणहिता-गोदावरी या पट्ट्यांतील द्रोणी अशाच थांबलेल्या खचदऱ्यांवर आहेत. त्यांपैकी तिसरीचा वायव्येकडचा भाग महाराष्ट्रात येतो. यवतमाळचा पूर्व भाग, चंद्रपूर आणि गडचिरोलीतील सिरोंचा तालुका तिच्यावर वसले आहेत. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्यात, पोखर्णी आहे.

पोखर्णीची जमीन

परभणी शहराच्या दक्षिणेस, गंगाखेडच्या बाजूला असलेले पोखर्णी तेथील नृसिंहाच्या मंदिरामुळे मराठवाड्यात परिचित आहे. गावाची शिवारे काळ्या मातीची, ज्वारी-कापसाची. या भागात विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या दगड आणि त्याखाली टणक काळा कातळ. मध्येच कुठे गेरूसारखा तांबडा थर येतो. हे सगळे एकाच खडकाचे अवतार आहेत. काळा कातळ हा बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. मांजऱ्यातले ठिपके म्हणजे लाव्हातील वायूचे बुडबुडे निघून गेल्यावर राहिलेली आणि नंतर खनिजांनी भरलेली छिद्रे. लाव्ह्याचा एक लोट थंड होऊन त्याचा वरचा भाग कुजला आणि मग पुढचा लोट त्यावर पसरला, असे जिथे घडले तिथे तांबडा थर दिसतो. काळी मातीही याच बेसाल्टच्या झिजेतून तयार झाली.

हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. एका ज्वालामुखी पर्वतातून तो उसळला नाही. जमिनीतील लांबच लांब भेगांतून थरावर थर बाहेर आला आणि पसरला. त्याला दख्खन ट्रॅप म्हणतात. झिजून उरलेला ट्रॅप आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापतो. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण या थरांचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. पश्चिम घाटाजवळ ट्रॅपची जाडी सर्वांत अधिक आहे. पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, देगलूर-बिलोलीकडे, ट्रॅप संपून त्याच्या खालचा ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म या पट्टेदार खडकाचा जुना पाया उघडा पडतो.

पोखर्णीच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीत उगम पावल्यापासून नांदेडपर्यंतचा तिचा सगळा प्रवास ट्रॅपवरून होतो. पुढे तेलंगणात ती ग्रॅनाइटवरून जाते आणि रामगुंडमच्या आसपास गाळाच्या खडकांच्या प्रदेशात शिरते. सिरोंचाजवळ तिला प्राणहिता मिळते. तेथून भद्राचलमपर्यंत ती आग्नेयेकडे धरून राहते, कारण त्या टापूत तिची वाट प्राचीन खचदरीने आखून दिलेली आहे. एकूण १,४६५ किलोमीटरच्या प्रवासात ही नदी असे तीन काळांचे खडक ओलांडते.

एकाच जागी दोनदा उघडलेली भेग

प्राणहिता-गोदावरीचा पट्टा वायव्य-आग्नेय दिशेने सुमारे ४०० किलोमीटर पसरलेला आहे. त्याच्या नैर्ऋत्येस धारवाडचा आणि ईशान्येस बस्तरचा प्राचीन भूखंड आहे. हे दोन्ही भूखंड २५० कोटी वर्षांहून जुन्या खडकांचे आहेत. जुन्या भिंतीला पुन्हा तडा जायचा झाला तर तो सांध्यावरच जातो. खचदरी या दोन भूखंडांच्या सांध्यावर उघडली, त्यामागेही हेच कारण होते.

ती प्रथम शंभर कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी खचली. तेव्हा जमिनीवर झाडेझुडपे किंवा प्राणी नव्हते. त्या खचलेल्या भागात उथळ समुद्र शिरला आणि त्यात वालुकाश्म, चुनखडक आणि शेल यांचे थर साठले. त्यांतील पैनगंगा गटाचे खडक महाराष्ट्रात वणी, राजूर, कोरपना या भागांत दिसतात. त्यांच्यातील एका मोठ्या थराला चांदा चुनखडक हे नाव चंद्रपूरच्या जुन्या नावावरूनच मिळाले. पुढे खचणे थांबले, समुद्र मागे हटला आणि कोट्यवधी वर्षे या भागाची केवळ झीज होत राहिली.

दुसऱ्यांदा खचण्याला सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली. तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे एकाच महाखंडाचे भाग होते आणि तो महाखंड दक्षिण ध्रुवाजवळ होता. द्रोणीच्या तळाचा थर या थंडीची साक्ष देतो. त्याला ताल्चीर म्हणतात. त्यात बारीक चिखलामध्ये लहानमोठे धोंडे विस्कळीत बसलेले आहेत. वाहते पाणी जड आणि हलका गाळ वेगळा करत जाते, म्हणून असे मिश्रण नदी करू शकत नाही. ते वितळत्या बर्फाचे काम आहे. भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांना चांद्याच्या नैर्ऋत्येस पैनगंगेकाठी इरई गावाजवळ चुनखडकाच्या घासलेल्या, समांतर ओरखडे पडलेल्या शिळा आढळल्या. त्यांचे निरीक्षण १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. आज उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे तापणाऱ्या प्रदेशात एके काळी हिमनद्या होत्या, हे त्या शिळांवरून ठरले.

बर्फ वितळल्यावर दरीत नद्या वाहू लागल्या आणि पूरमैदानांवर दलदलीची जंगले वाढली. त्यांत जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसॉप्टेरिस ही झाडे प्रमुख होती. पडलेली पाने आणि लाकूड साचलेल्या पाण्यात प्राणवायूविना राहिले, पूर्ण कुजले नाही आणि त्याचे जाड थर झाले. दरीचा तळ वनस्पतींच्या थरांइतक्याच गतीने खचत राहिला, म्हणून दलदल फार खोलही झाली नाही आणि कोरडीही पडली नाही. वर गाळ चढल्यावर दाब आणि उष्णता यांमुळे या थरांचा दगडी कोळसा झाला. एक मीटर कोळशासाठी वनस्पतींचा कित्येक मीटर थर दबावा लागतो, हे लक्षात घेतले की वर्धा खोऱ्यातील दहा मीटरहून जाड कोळशाचा अर्थ कळतो. कोळशाच्या या थरांना बराकर म्हणतात.

त्यावरच्या लालसर-पिवळ्या वालुकाश्माला नागपूरजवळच्या कामठीचे नाव मिळाले. हवामान आता उष्ण आणि आलटूनपालटून कोरडे झाले होते. त्याच्याही वर तेलंगणातील मालेरी आणि सिरोंचाजवळच्या कोटा या गावांच्या नावांचे थर येतात. सर्व मिळून या गाळाची जाडी काही किलोमीटर भरते.

या वालुकाश्मांतील तिरप्या रेघांवरून प्राचीन प्रवाहाची दिशा काढता येते, कारण वाहत्या पाण्यात रेतीचे थर प्रवाहाच्या दिशेने उतरते जमतात. हे थर साठत होते तेव्हा या खचदरीतील मुख्य नद्या वायव्येकडे आणि उत्तरेकडे वाहत होत्या, असे त्या मोजमापांतून दिसून आले. आज गोदावरी त्याच दरीतून आग्नेयेकडे बंगालच्या उपसागराला जाते. दरी तीच राहिली, पण तिच्यातले पाणी उलट फिरले. महाखंड फुटला, पूर्वेकडे नवा समुद्र उघडला आणि भारताचा पूर्व किनारा घडला, तेव्हा जमिनीचा उतार बदलला. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकापासून सुटू लागला तेव्हा फूट किनाऱ्याच्या दिशेने वाढली आणि गोदावरीची खचदरी अर्धवट राहिली. समुद्राकडच्या तोंडाशी कृष्णा-गोदावरी द्रोणी तयार झाली. तेथील खोल समुद्रात २००२ मध्ये नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला.

शोधाचा इतिहास

या पट्ट्याकडे अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वळले. कोटा येथील चुनखडकात सापडलेल्या माशाच्या जीवाश्माचे वर्णन १८५१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला दख्खनवरून नाव देण्यात आले. त्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची स्थापना झाली. नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराचे भूविज्ञान मांडले. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटीही त्याच वर्षी जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी वर्णिली. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात वाहून गेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचे आहे.

पुढचे काम सर्वेक्षण संस्थेने केले. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळशावरचा अहवाल १८७७ मध्ये आणि विल्यम किंग यांचा प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावरचा ग्रंथ १८८१ मध्ये निघाला. एच. बी. मेडलिकॉट यांनी या सर्व थरांसाठी १८७२ मध्ये गोंडांच्या देशावरून ‘गोंडवन’ हे नाव योजले आणि ओटो फाइस्टमान्टेल यांनी १८७६ मध्ये ते छापून रूढ केले. भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये दक्षिणेकडील जोडलेल्या भूखंडांना तेच नाव दिले. चांदा ही गोंड राजांची राजधानी होती. गोंडांच्या देशाचे नाव अशा रीतीने दक्षिण गोलार्धातील एका अख्ख्या महाखंडाचे झाले.

विसाव्या शतकात पुढाकार कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेकडे गेला. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन १९५७ मध्ये तेथे आल्या आणि त्यांच्या प्रेरणेने प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात नियमित शोधमोहिमा सुरू झाल्या. कोटा थरांत १९५८ ते १९६१ या काळात एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष होते. १९७५ मध्ये त्या प्राण्याचे बारापासॉरस टागोराय असे नामकरण झाले. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. त्याचा सांगाडा सांख्यिकी संस्थेत उभा आहे. कोटा थरांतील एका आदिम सस्तन प्राण्याच्या दाताला १९८१ मध्ये कोटाथेरियम हे नाव मिळाले. सिरोंचा तालुक्यातील वडधम परिसरातही लाकडाचे आणि प्राण्यांचे जीवाश्म सापडले आहेत.

गोंडवन थरांच्या आणि ट्रॅपच्या मधल्या काळाचे पान वरोऱ्याजवळ पिसदुरा आणि डोंगरगाव येथे उघडे आहे. तेथील लॅमेटा थरांत, लाव्हा पसरण्याच्या थोड्या आधीच्या गाळात, लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. त्याचे वर्णन १९९७ मध्ये झाले आणि २००३ पासून तो आयसीसॉरस या नावाने ओळखला जातो. नावातील पहिला भाग सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा आहे.

ट्रॅपखाली काय आहे?

चंद्रपूरच्या पश्चिमेस आणि नागपूर भागात गोंडवन थर लाव्ह्याखाली शिरतात. काटोलसारख्या ठिकाणी ट्रॅप भेदून खालचा कोळसा शोधण्यात आला आहे. लाव्ह्याच्या चादरीने काही खचदऱ्या झाकल्या आहेत, हे त्यावरून नक्की झाले. मग आणखी पश्चिमेस, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राखालीही अशा दऱ्या असतील का, हा प्रश्न उभा राहिला. सौराष्ट्रात लोधिका येथील विंधन छिद्रात ट्रॅपखाली गाळाचे खडक मिळाल्यामुळे खनिज तेलाच्या शोधासाठीही त्याला महत्त्व आले.

जमीन न खोदता याचा अंदाज घेण्याचे एक साधन म्हणजे गुरुत्वाकर्षणाची मोजणी. गाळाचा खडक ग्रॅनाइटपेक्षा हलका असतो. त्याचा जाड साठा खाली असेल तर तेवढ्या भागात गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील एन. कृष्ण ब्रह्मम आणि जे. जी. नेगी यांनी अशा मोजण्यांच्या आधारे १९७३ मध्ये ट्रॅपखाली दोन खचदऱ्या असल्याचे मांडले. एक सह्याद्रीच्या कडेने कोयनेखालून जाणारी आणि दुसरी वायव्य-आग्नेय दिशेने कुर्डुवाडीवरून जाणारी. कुर्डुवाडीची कल्पित दरी मराठवाड्याच्या कडेने जात होती. शिवाय तिची दिशा गोदावरीच्या खचदरीशी समांतर होती, म्हणून ही मांडणी बराच काळ चर्चेत राहिली.

तिची परीक्षा दोन भूकंपांमुळे झाली. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात मोठा भूकंप झाला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. या भागात एवढ्या मोठ्या भूकंपाची अपेक्षा नव्हती. त्यामुळे जमिनीखाली काय आहे हे प्रत्यक्ष पाहणे आवश्यक झाले.

किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधन छिद्र घेण्यात आले. त्यात वरचे ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली गाळाचा केवळ ८ मीटरचा थर आणि मग थेट प्राचीन पट्टिताश्म. कोयना भागात पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रकल्पात अनेक छिद्रे घेण्यात आली, त्यांतील सर्वांत खोल छिद्र २०१७ मध्ये ३,००० मीटरपर्यंत गेले. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट-पट्टिताश्म लागला. मधे गाळाची द्रोणी नव्हती.

खचदरीला ओळख देतो तो गाळाचा जाड साठा, आणि या दोन्ही ठिकाणी तोच मिळाला नाही. गुरुत्वाकर्षण कमी भरण्याचे कारण मग पायाच्या खडकांतील घनतेच्या फरकात आणि कवचाच्या खोल रचनेत शोधावे लागले. कुर्डुवाडीची रेषा आता खचदरीपेक्षा पायातील जुन्या तुटीचा पट्टा म्हणून पाहिली जाते. पोखर्णी हे दक्षिणेकडील किल्लारीचे छिद्र आणि पूर्वेकडील देगलूर-बिलोलीचा उघडा ग्रॅनाइट यांच्या उत्तर-पश्चिमेच्या टापूत येते. या दोन्ही टोकांना बेसाल्टच्या खाली जुना पायाच आहे. गोंडवन काळात वर्धा-प्राणहितेच्या खोऱ्यात जंगले वाढून दबत होती, तेव्हा मराठवाड्याचा हा भाग खचणाऱ्या पट्ट्याबाहेर, झिजणाऱ्या उंच प्रदेशात होता, असाच अर्थ त्यातून निघतो. गाळ साठायला जागा नव्हती म्हणून येथे कोळसाही नाही.

जुन्या तुटी आणि आजचे हादरे

खचदरी थांबली तरी तिचे प्रस्तरभंग भरून निघत नाहीत. आशियाला भिडलेल्या भारतीय भूखंडावर आजही उत्तर-दक्षिण दाब आहे. तो साठतो आणि जुन्या कमजोर रेषांवर मोकळा होतो. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ झालेला ५.७ तीव्रतेचा भूकंप गोदावरीच्या खचदरीतील होता आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप नर्मदा-सोन पट्ट्यातील. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या गाळाखाली अशीच एक पुरातन खचदरी आहे. तिच्यावर १८११-१२ च्या हिवाळ्यात झालेल्या न्यू मॅड्रिडच्या भूकंपांची गणना त्या देशातील मोठ्या भूकंपांत होते.

किल्लारीने मात्र आणखी एक गोष्ट शिकवली. खचदरी नसतानाही पायाच्या खडकात तुटी असू शकतात आणि बेसाल्टची सलग दिसणारी चादर त्या झाकून टाकते. परभणीला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी साडेचार तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले. ते परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतही जाणवले. ‘दख्खनचा कातळ स्थिर आहे’ या जुन्या समजुतीवर घर बांधण्याचे दिवस १९९३ मध्येच संपले.

कोळसा, चुनखडक आणि काळी माती

खचदरीचा पट्टा आणि त्याबाहेरचा ट्रॅप यांतील फरक शेवटी माणसाच्या व्यवहारातही उतरला. वर्धा खोऱ्यातील वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली, तिच्यासाठी रेल्वे वरोऱ्यापर्यंत नेण्यात आली आणि १९०६ मध्ये ती बंद झाली. तोवर बल्लारपूर आणि घुग्गुसकडे काम वाढले होते. खचदरीच्या तेलंगणातील भागात किंग यांनी येल्लंदूजवळ कोळसा शोधला. तेथे खाणकाम करण्यासाठी १८८६ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीचे नाव १९२० मध्ये सिंगरेणी कॉलरीज असे झाले. तेव्हा येल्लंदू आणि परभणी ही दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. एकाच राज्याच्या एका टोकाला खचदरीचा कोळसा होता आणि दुसऱ्या टोकाला ट्रॅपची कापूस पिकवणारी माती. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने परभणी सिकंदराबादशी आणि मनमाडशी जोडली गेली. संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे दोन प्रदेश वेगळ्या राज्यांत गेले.

कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी निघाली. वणी, माजरी, बल्लारपूर, उमरेड येथील तिच्या खाणी गोंडवन थरांतच आहेत. पहिल्यांदा खचलेल्या दरीतील समुद्राचा चुनखडक गडचांदूर-आवारपूर-घुग्गुस भागातील सिमेंट कारखान्यांना पुरतो आणि दुसऱ्या वेळच्या खचदरीतील दलदलीचा कोळसा त्यांच्या भट्ट्यांना व चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राला. कोळसा आणि सिमेंटलायक चुनखडक एवढ्या जवळ मिळतात, ते एकच दरी दोनदा खचल्यामुळे.

मराठवाड्याच्या वाट्याला यांपैकी काही आले नाही. तेथे बेसाल्ट आला, त्याची काळी माती आली आणि तिच्यात मुरलेले थोडे पाणी आले. टणक बेसाल्टमध्ये पाणी केवळ भेगांत, मांजऱ्यात आणि कुजलेल्या थरांत राहते. वालुकाश्माच्या द्रोणीत ते कणाकणांमधल्या पोकळ्यांत साठते. म्हणून पोखर्णीच्या बाजूला दोन शेजारच्या बोअरपैकी एक लागते आणि दुसरे कोरडे जाते.

दोन्ही भूमींची गाठ परळी वैजनाथला पडते. तेथे १९७१ पासून औष्णिक वीजनिर्मिती होत आली आहे. केंद्राला पाणी लागते ते ट्रॅपवरून वाहणाऱ्या गोदावरीचे, परभणी जिल्ह्यातील खडका बंधाऱ्यातून उचललेले. कोळसा मात्र ट्रॅपमध्ये नसल्यामुळे तो रेल्वेने बाहेरून आणावा लागतो. विदर्भ आणि तेलंगणातल्या खचदरीच्या खाणी त्याच्या पुरवठादारांत आहेत. परभणीहून परळीला जाणारा लोहमार्ग गंगाखेडच्या आधी पोखर्णी नृसिंह या स्थानकावरून जातो.